आयुष्यभर प्रकाश रंगवणाऱ्या मोनेच्या डोळ्यांवरच मोतीबिंदूचा पडदा आला होता

१९२३ चा जानेवारी महिना. पॅरिसजवळच्या एका दवाखान्यात ८२ वर्षांचा म्हातारा डोळ्यावर पट्टी बांधून पडला होता. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, असा प्रकार तेव्हा नव्हता. कित्येक दिवस डोकं न हलवता उताणं पडून राहावं लागायचं. म्हाताऱ्याला ते जमत नव्हतं. तो चिडायचा, पट्टी ओढून काढू बघायचा.

त्याचं चिडणं समजण्यासारखं होतं, कारण तो क्लोद मोने होता. इम्प्रेशनिझम, म्हणजे मराठीत ज्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात, तो ज्याच्या चित्रावरून ओळखला जातो तो चित्रकार. ज्याचं सगळं काम डोळ्यांवर उभं होतं, त्याचेच डोळे गेले होते.

मोनेचा जन्म १८४० चा, पॅरिसचा. वाढला मात्र ल आव्र या बंदराच्या गावात. शाळेत लक्ष कमी आणि गावातल्या मंडळींची व्यंगचित्रं काढून विकण्यात जास्त. तिथंच त्याला युजीन बुदँ नावाचा चित्रकार भेटला आणि त्यानं पोराला रंग घेऊन उघड्यावर, समुद्रकिनारी बसायला शिकवलं.

आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तोवर चित्रकार बाहेर जाऊन फार तर कच्ची रेखाटनं करायचे आणि खरं चित्र स्टुडिओत बसून पूर्ण करायचे. तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायला लागायचे, ते फुटायचे, वाळायचे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं पिळायची धातूची ट्यूब शोधून काढली आणि रंग खिशात मावायला लागले. त्यात रेल्वे आली. सकाळी पॅरिसहून निघायचं, दिवसभर नदीकाठी चित्र काढायचं, रात्री घरी. या चळवळीच्या इतिहासात ट्यूबचं नाव तसं कमीच घेतलं जातं.

पॅरिसमध्ये मोनेला रेनोआर, सिस्ले, बाझीय असे दोस्त भेटले. पण तिथं चित्रकाराचं नशीब ठरायचं ते सलाँ नावाच्या सरकारी प्रदर्शनात. परीक्षकांना पुराणातले प्रसंग, गुळगुळीत रंगकाम, न दिसणारे फटकारे हवे असायचे. यांची चित्रं वारंवार परत यायची. शेवटी १८७४ च्या एप्रिलमध्ये ३० कलाकारांनी नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत स्वतःच प्रदर्शन भरवलं.

त्यात मोनेचं एक चित्र होतं. धुक्यातलं ल आव्र बंदर, निळसर राखाडी पाणी आणि वर नारिंगी सूर्याचा ठिपका. नाव दिलं होतं, ‘इम्प्रेशन, सनराइज’. लुई लरुआ या समीक्षकानं ते नाव पकडून सगळ्यांचीच टर उडवली. यापेक्षा भिंतीला लावायचा कच्चा कागद बरा, असा त्याचा सूर होता. ही शिवी पुढं चळवळीचं नाव झाली.

नाव मिळालं, पैसे नाही. उधारी, घरमालकांचे तगादे, मित्रांकडं हात पसरणं सुरूच राहिलं. बायको कामिय आजारी पडली आणि १८७९ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी गेली. मोनेनं तिच्या उशाशी बसून तिचं शेवटचं चित्र काढलं. आपण दुःखात असतानाही तिच्या चेहऱ्यावर बदलत जाणारे रंग मोजत बसलो होतो, याची बोच त्याला पुढं कितीतरी वर्षं राहिली. पाहण्याची सवय त्याला तिथंही सोडत नव्हती.

दिवस पालटले ते पॉल ड्युरां-र्युएल या विक्रेत्यामुळं. १८८६ मध्ये त्यानं ही चित्रं न्यूयॉर्कला नेली आणि अमेरिकनांनी ती विकत घ्यायला सुरुवात केली. मोनेनं जिव्हर्नी गावात भाड्यानं घेतलेलं घर १८९० मध्ये विकत घेतलं. मग तो त्याच त्या धान्याच्या गंजींची चित्रं काढत बसला. सकाळची, संध्याकाळची, बर्फातली. ऊन सरकलं की हातातला कॅनव्हास खाली, दुसरा वर. गंजी तर निमित्त होती, रंगवायचा होता तो तिच्यावरचा प्रकाश.

हीच गोष्ट संगीतात क्लोद दब्युसी करत होता, असं म्हणतात. पाश्चात्त्य संगीतात एका स्वरमेळानं ताण निर्माण करायचा आणि पुढच्यानं तो सोडवायचा, अशी रीत होती. दब्युसीनं स्वरमेळ नुसते त्यांच्या रंगासाठी शेजारी शेजारी ठेवले. षड्जावर आलं की आपल्याला घरी पोचल्यासारखं वाटतं, तसं घरच येऊ नये अशी स्वरांची मांडणी तो अधूनमधून करायचा. १८८७ मध्ये फ्रेंच ललितकला अकादमीनं त्याच्या एका रचनेवर अस्पष्ट इम्प्रेशनिझमचा ठपका ठेवला. म्हणजे चित्रकारांची शिवी संगीतकारालाही मिळाली. दब्युसीला हे लेबल कधीच आवडलं नाही, तो स्वतःला कवींच्या जवळचा मानायचा. पण जिव्हर्नीच्या तळ्यातली प्रतिबिंबं मोने रंगवत होता त्याच सुमारास, १९०५ मध्ये, दब्युसीची पाण्यातल्या प्रतिबिंबांवरची पियानोची रचना आली. त्याच वर्षी त्याची समुद्रावरची ‘ला मेर’ आली, तिच्या मुखपृष्ठावर जपानी चित्रकार होकुसाईची लाट होती. मोनेच्या घरच्या भिंतीही जपानी छापचित्रांनी भरलेल्या होत्या.

१९११ मध्ये दुसरी बायको अलीस गेली. पुढच्या वर्षी मोतीबिंदूचं निदान झालं. १९१४ मध्ये थोरला मुलगा जाँ गेला. मोनेनं ब्रश ठेवूनच दिला होता. तेव्हा जुना मित्र जॉर्ज क्लेमान्सो मागं लागला आणि कमळाच्या तळ्याची भिंतभर चित्रं सुरू झाली. पहिलं महायुद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोनेनं यातली चित्रं देशाला द्यायची तयारी कळवली. क्लेमान्सो तेव्हा फ्रान्सचा पंतप्रधान होता.

पण डोळे साथ देईनात. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं तपकिरी होत जातं आणि निळा रंग आत यायचा थांबतो. मोने ट्यूबवरची नावं वाचून रंग निवडायचा, पॅलेटवर त्यांच्या जागा ठरवून ठेवायचा. या काळातली जपानी पुलाची चित्रं पाहिली तर ती लाल तपकिरी आगीसारखी दिसतात. ऑपरेशनची त्याला भीती होती, कारण मेरी कसॅट या चित्रकर्तीचं ऑपरेशन फसलेलं त्याला ठाऊक होतं. क्लेमान्सो स्वतः डॉक्टर. त्यानं गळ घालून घालून त्याला तयार केलं.

ऑपरेशननंतर आधी सगळं पिवळं दिसायचं, मग सगळं निळं. रंगीत काचांचे चष्मे झाले. डाव्या डोळ्याला मात्र त्यानं हात लावू दिला नाही. थोडं नीट दिसायला लागल्यावर तो पुन्हा त्या मोठ्या पडद्यांवर कामाला लागला. दोन वर्षं, तीन वर्षं. देतो देतो म्हणत तो चित्रं हातची सोडत नव्हता, क्लेमान्सो वैतागला तरी.

५ डिसेंबर १९२६ ला मोने गेला. शवपेटीवरचं काळं कापड क्लेमान्सोनं काढून टाकलं आणि फुलाफुलांचं कापड घातलं, असं सांगतात. पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या ओरांजेरीत दोन लंबगोल दालनं उघडली. आठ चित्रं, दोन मीटर उंच, लांबी सगळी मिळून नव्वद मीटरच्या वर. दालनांत छतातून दिवसाचा उजेड येतो आणि ढग आले की भिंतीवरचं तळंही काळवंडतं.