मुरळीच्या मुलींसाठी लढलेले शिवराम जानबा कांबळे

१९२९ च्या पर्वती सत्याग्रहामुळे शिवराम जानबा कांबळे आपल्याला माहीत आहेत. त्यांचे त्याआधीचे एक काम मात्र जयंतीच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

जेजुरीच्या खंडोबाला लहान मुली मुरळी म्हणून सोडल्या जात. वयात येताच त्यांच्या वाट्याला पुरुषांची वासना येई. त्यांत आपल्याच समाजाच्या मुली फार. पुण्यातल्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करणाऱ्या कांबळेंनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढले आणि या प्रथेवर समाजालाच फटकारले. शिवूबाई या मुरळीचे पत्र त्यांनी छापले, पुढे तिचे लग्नही लावून दिले.

कायदा नव्हता असे नाही. सोळा वर्षांखालील मुलीला वेश्याव्यवसायासाठी दुसऱ्याच्या हवाली करणे दंडसंहितेच्या कलम ३७२ खाली गुन्हाच होता. पण हवाली करणारे खुद्द आईबाप. फिर्याद देणार कोण? १९२४ मध्ये ही वयोमर्यादा अठरावर गेली. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुलगी देवाला वाहणेच बेकायदा ठरवले, तिची संमती असली तरीही. वाहिलेल्या स्त्रीचे लग्नही त्याच कायद्याने वैध मानले. कांबळेंनी शिवूबाईंचे लग्न त्याच्या कितीतरी आधी लावले होते.