गर्दी पुसून टाकणारा कॅमेरा

‘बुलेव्हार द्यु तांप्ल’ हा एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधला नाटकगृहांचा गजबजलेला रस्ता. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी उंचावरच्या खिडकीतून दिवसाढवळ्या त्याचे छायाचित्र घेतले. घरे, झाडे, धुराडी लख्ख उमटली. घोडागाड्या आणि माणसे मात्र गायब!

दागेर यांचा जन्म १७८७ चा. ते मुळात नेपथ्यकार. १८२२ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये ‘डायोरामा’ सुरू केला. तिथे भल्यामोठ्या चित्रांवर प्रकाशाचा खेळ करून दृश्य बदलल्याचा भास घडवला जाई. प्रतिमा कायमची टिकवण्याच्या ध्यासातून त्यांची निसेफोर निएप्स यांच्याशी गाठ पडली. निएप्स यांना हे साधले होते, पण एका चित्राला कित्येक तास लागत. १८२९ मध्ये दोघांनी भागीदारी केली. १८३३ मध्ये निएप्स वारले.

दागेर यांनी चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरून प्रकाशसंवेदी केला. कॅमेऱ्यात त्यावर पडलेली अदृश्य प्रतिमा पाऱ्याच्या वाफेने दिसू लागते, हे त्यांनी शोधले. ही वाफ मज्जासंस्थेला घातक असते. पुढे ही पद्धत वापरणारे अनेक छायाचित्रकार ती श्वासावाटे घेत राहिले.

आता तासांचे काम मिनिटांवर आले होते. पण चालत्या माणसासाठी काही मिनिटेही फार. घरांवरून येणारा प्रकाश पत्र्यावर एकाच जागी साचत राहतो. माणूस पुढे सरकतो, तशी त्याची प्रतिमाही सरकते आणि कुठल्याच जागी पुरेसा ठसा उमटत नाही. त्या रस्त्यावर स्पष्ट उरला तो एकच जण, बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला. छायाचित्रात टिपला गेलेला पहिला माणूस तोच, असे मानले जाते.

७ जानेवारी १८३९ रोजी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत आरागो यांनी हा शोध जाहीर केला. दोनच महिन्यांत, ८ मार्चला डायोरामा जळून खाक झाला. उपजीविकेचे साधन गेले आणि तिथे ठेवलेले बरेच कामही. अखेर सरकारने दागेर यांना वर्षाला ६,००० फ्रँक आणि निएप्स यांच्या मुलाला ४,००० फ्रँक निवृत्तिवेतन दिले आणि १९ ऑगस्टला ही कृती सर्वांसाठी खुली केली. १८५१ मध्ये दागेर यांचे निधन झाले.

त्यांची अडचण आज युक्ती झाली आहे. पर्यटकांनी भरलेली वास्तू रिकामी दाखवायची असेल, तर छायाचित्रकार कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवतात, भिंगापुढे गडद फिल्टर लावतात आणि शटर मिनिट-दोन मिनिटे उघडे ठेवतात. चालणारे पुसले जातात, थांबलेले उरतात. कॅमेरा खोटे बोलत नाही म्हणतात. पण पॅरिसचा तो रस्ता त्या दिवशी रिकामा नव्हता.