महर्षी कर्वे

कोकणातील मुरुड गावात धोंडो नावाचा एक मुलगा राहत होता. त्याला सहावीच्या परीक्षेला बसायचे होते. परीक्षा साताऱ्याला होती. धोंडो सह्याद्रीचे घाट ओलांडून पायी साताऱ्याला पोहोचला. तो अंगाने लहानखुरा होता. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि वय कमी आहे असे ठरवून त्याला परत पाठवले. नुसत्या दिसण्यावरून झालेला हा निर्णय त्याच्या मनाला फार लागला.

पण त्याने शिक्षण सोडले नाही. १८९१ साली धोंडो केशव कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांची पत्नी वारली.

त्या काळी हिंदू समाजातील अनेक जातींत विधवांचे फार हाल होत. नवरा मेला की बाईला पांढऱ्या पायाची, म्हणजे अशुभ, म्हणत. तिचे केस कापत. लग्नकार्यात तिला पुढे येऊ देत नसत. आठ-दहा वर्षांच्या मुलींवरही हा शिक्का बसे. त्यांचा काय दोष होता?

१८९३ साली कर्व्यांनी आनंदीबाई या विधवेशी लग्न केले. मुरुडचे लोक संतापले. त्यांनी कर्व्यांना वाळीत टाकले. त्यांना घरात ठेवले तर आई व भाऊ यांच्यावरही बहिष्कार पडणार होता. स्वतःच्या गावात कर्वे परके झाले.

तरीही ते डगमगले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी संस्था काढली. पुढे पुण्याजवळच्या हिंगणे येथे आश्रमाची झोपडी उभी राहिली. कॉलेजातले काम संपले की कर्वे चिखल तुडवीत तेथे शिकवायला जात.

आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. मोठ्या वयात त्या शिकल्या आणि आश्रमाचा कारभार पाहू लागल्या. आश्रमासाठी मदत मिळवायला त्या अमेरिकेलाही गेल्या. जिला लोक अशुभ समजत, तिने शेकडो मुलींचे भले केले!

१९१६ साली कर्व्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ सुरू केले. १९५८ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, कोणाला नाव ठेवायला एक क्षण पुरतो. पण ते नाव पुसायला कर्व्यांना सारे आयुष्य वेचावे लागले.