फेऱ्यांचा हिशेब मांडणाऱ्या एडा लव्हलेस

मैदानाला पाच फेऱ्या मारण्याचा हुकूम मिळाला की तीन गोष्टी ठरलेल्या असतात: सुरुवात कुठून, प्रत्येक फेरीत काय करायचे आणि थांबायचे कधी. संगणकाच्या तासाला आम्ही कॅडेट जो लूप शिकतो, त्यालाही हेच तीन हुकूम लागतात. यंत्राकडून अशा फेऱ्या कशा करून घ्यायच्या, हे फार पूर्वी छापून मांडणाऱ्यांत मला एडा लव्हलेस यांचे नाव सर्वांत मोठे वाटते.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. एडा महिन्याच्या असतानाच आईवडील विभक्त झाले. आईने त्यांना गणिताची शिस्त लावली. लहान वयात गोवरामुळे त्यांच्या पायांतले बळ गेले. पुढे कुबड्यांच्या आधाराने त्या पुन्हा चालू लागल्या, पण अभ्यास सुटला नाही.

१८३३ मध्ये त्यांची गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याशी ओळख झाली. बॅबेज यांनी पुढे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर चालणाऱ्या ॲनालिटिकल इंजिनचा आराखडा केला. त्यावरील एका फ्रेंच लेखाचे एडा यांनी भाषांतर केले आणि १८४३ मध्ये ते स्वतःच्या टिपांसह प्रसिद्ध झाले. टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट होत्या! शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याचा २५ पायऱ्यांचा तक्ता आहे. त्यातल्या १३ ते २३ या पायऱ्या पुन्हा पुन्हा करायच्या आहेत. हाच लूप.

आज १ ते १० मोजायचे तर सी भाषेत सुरुवात, अट आणि वाढ आपणच लिहितो, आणि लूपच्या आत मोजणीचा आकडा बदलूही शकतो. पायथनमध्ये रेंजला १ आणि ११ द्यावे लागतात, कारण शेवटचा आकडा धरला जात नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तयार करवून घेतलेल्या एका भाषेत मात्र दोन्ही टोके धरली जातात आणि लूपच्या आत मोजणीला हात लावता येत नाही. विमानाच्या यंत्रणेत एक फेरी कमीजास्त झालेली कशी चालेल? त्या भाषेचे नाव एडा आणि तिच्या लष्करी मानकाचा क्रमांक १८१५.

२७ नोव्हेंबर १८५२ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी एडा यांचे निधन झाले. ते इंजिन कधीच पूर्ण झाले नाही. समोर यंत्र नसतानाही त्यांनी प्रत्येक पायरी कागदावर मांडली होती. म्हणून मीही लूप चालवण्याआधी पहिली आणि शेवटची फेरी वहीत तपासतो. मित्रांनो, तुम्हीही तपासून पाहा.