मिल्ड्रेडची आई-गिरी

जोन क्रॉफर्ड मूळची टेक्सासची, ल्युसिल लसूर. आई लाँड्रीत राबायची, हिनंही शाळेत पडेल ते काम करत शिक्षण घेतलं. नाचता नाचता १९२५ मध्ये ती एमजीएम स्टुडिओत पोचली. नवं नाव मासिकाच्या वाचकांनी सुचवलेलं. तिला ते मुळीच आवडलं नव्हतं! पुढे प्रचंड नाव झालं, पण १९३८ मध्ये थिएटरमालकांनी तिला गल्ला बुडवणारी ठरवलं. १९४३ मध्ये स्टुडिओही सुटला.

मग १९४५ मध्ये ‘मिल्ड्रेड पिअर्स’. नवऱ्यापासून वेगळी झालेली मिल्ड्रेड वेट्रेस होते, केक विकते, हॉटेलं काढते. सगळं लेक व्हीडासाठी. आणि लेकीला आईच्या कष्टांचीच लाज! त्यात एक खून, जो मूळ कादंबरीत नाहीच.

प्रेक्षकांची मतं मात्र टोकाची. कुणी म्हणतं, पोरगीच नतद्रष्ट. कुणी म्हणतं, आईनंच लाडावून ठेवली. काहींना शेवट खटकतो: कर्तबगार बाई सगळं गमावून पहिल्या नवऱ्यासोबत निघते. मलाही तो खटकतोच. कमावती झाली म्हणून शिक्षा का, सांगा बरं?

या भूमिकेला १९४६ मध्ये ऑस्कर मिळालं. आजारपणाचं कारण देऊन बाई घरीच, बाहुली अंथरुणातच हातात घेतली! १९७७ मध्ये ती गेली. दत्तक लेक क्रिस्टिनाला मृत्युपत्रात काहीच नाही. १९७८ मध्ये क्रिस्टिनानं पुस्तकात आईच्या छळाचे आरोप केले. दत्तक जुळ्या बहिणींनी ते नाकारले. तेव्हापासून मिल्ड्रेडकडे बघताना लोक क्रॉफर्डलाच तपासतात.