सहाशे यार्डांवरचं हरीण

रिव्हॉल्व्हर म्हटलं की मला फक्त पिक्चरमधला इन्स्पेक्टर आठवायचा. एल्मर कीथबद्दल वाचलं आणि डोकंच चक्रावलं!

१८९९ साली अमेरिकेत मिसूरी राज्यात जन्मलेला कीथ लहानपणी आगीत भयंकर भाजला, डावा हात वाकडा झाला. तरीही पुढे आयडाहोच्या डोंगरांत गुरं सांभाळत तो नेमबाज झाला. घोड्यावर हात मोकळे हवेत, म्हणून रिव्हॉल्व्हर कमरेला. नळी मात्र लांब, कारण गोळीला वेग मिळतो आणि पुढची माशी मागच्या खाचेपासून दूर गेल्याने नेम कमी चुकतो. लांबवर जाताना गोळी खाली येते, म्हणून तो माशी खाचेच्या वर उचलून तिच्या टोकावर लक्ष्य धरायचा. आपलं प्रोजेक्टाइल मोशनच की!

१९५६ मध्ये फोर्टी-फोर मॅग्नम बाजारात आलं, त्यामागे त्याचा कित्येक वर्षांचा हट्ट होता. त्याच्या साडेसहा इंची नळीने, दुसऱ्याच्या गोळीने जखमी झालेलं हरीण आपण सहाशे यार्डांवर, म्हणजे साधारण ५५० मीटरवर टिपलं, असं त्याने लिहिलं. लोकांनी त्याला थापाड्या ठरवलं. १९८४ मध्ये तो वारला, वाद मात्र संपला नाही.

अंतराचं मला माहीत नाही. पण जखमी जनावर तसंच तडफडत सोडायचं नाही, हे मला पटलं.