राधानाथ शिकदार : गणिताची कचेरी आणि श्रमाचे श्रेय

एकोणिसाव्या शतकातील भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात ‘कॉम्प्युटर’ हा माणसाचा हुद्दा होता. डोंगरमाथ्यांवरून थिओडोलाइटने मोजलेले कोन कचेरीत येत आणि कागद, लेखणी व लॉगरिथमची कोष्टके एवढ्या साधनांनिशी हे गणक त्यांतून अंतरे, अक्षांश-रेखांश व उंची काढीत. या गणकांत सर्वांत नामवंत ठरलेले राधानाथ शिकदार (1813–1870) आज मुख्यतः एव्हरेस्ट शिखराच्या उंचीमुळे ओळखले जातात. बंगाली वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची नोंद ‘मासिक पत्रिका’ या नियतकालिकाचे एक संपादक म्हणून होते. ही दोन कार्ये सहसा वेगवेगळ्या ग्रंथांत सांगितली जातात. त्यामुळे त्यांच्या आयुष्याला एकसूत्रता देणारा प्रश्न नजरेआड राहतो. दुसऱ्याच्या श्रमावर कोणाचा अधिकार चालतो आणि त्या श्रमाचे श्रेय कोणाच्या नावे जमा होते, हा तो प्रश्न होय.

राधानाथांचा जन्म ऑक्टोबर 1813 मध्ये कलकत्त्यातील जोडासाँको येथे झाला. वडील तितूराम यांची परिस्थिती बेताची होती. 1824 मध्ये राधानाथ हिंदू कॉलेजात दाखल झाले. तेथे डिरोझिओ यांच्या सहवासात त्यांना रूढी तपासून घेण्याची सवय लागली, तर जॉन टायटलर यांच्याकडून उच्च गणिताची शिस्त मिळाली. डिरोझिओंच्या शिष्यवर्गातील कित्येकांनी पुढे सभा, वृत्तपत्रे आणि सुधारणेच्या चळवळी गाजविल्या. राधानाथांच्या वाट्याला मात्र सरकारी कचेरीतील आकडेमोड आली.

1802 मध्ये लॅम्बटन यांनी मद्रासजवळ आरंभिलेले सर्वेक्षण 1830 नंतर सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या हाती होते. गोलीय त्रिकोणमिती जाणणारे तरुण एव्हरेस्ट यांना हवे होते. टायटलर यांच्या शिफारशीवरून राधानाथ 19 डिसेंबर 1831 रोजी महिना 30 रुपये वेतनावर रुजू झाले. या कामाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. त्रिकोणांच्या शेकडो मैलांच्या साखळीत प्रत्येक त्रिकोणाची एक बाजू मागच्या त्रिकोणावरून ठरत असे. आरंभीची लहानशी चूक पुढे साखळीभर पसरे. म्हणून गणिताची पायरी-पायरीने विभागणी, निश्चित नमुन्याचे तक्ते आणि प्रत्येक टप्प्यावर ताळा पाहणे अपरिहार्य होते. उत्पादनाचा वेग आणि अचूकपणा यांचा मेळ घालण्याचा जो प्रश्न पुढे यंत्रयुगातील कचेऱ्यांना पडला, तो येथे माणसांच्या बाबतीत आधीच उभा होता.

एव्हरेस्ट यांना राधानाथांच्या बुद्धीविषयी मनापासून आदर होता आणि तितूरामांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो मोकळेपणाने व्यक्त केला होता. परंतु या आदराला दुसरीही बाजू होती. राधानाथांनी डेप्युटी कलेक्टरच्या जागेसाठी प्रयत्न केला, तेव्हा एव्हरेस्ट आडवे आले. वरिष्ठांच्या संमतीवाचून कोणाही सरकारी नोकराला दुसऱ्या खात्यात जाता येऊ नये, असा दंडक पुढे करून त्यांना रोखण्यात आले. डेप्युटी कलेक्टरी हे त्या काळी हिंदी माणसाला खुले असलेल्या मानाच्या पदांपैकी एक होते. राधानाथ ज्या गुणामुळे खात्याला हवेसे वाटत होते, त्याच गुणाने त्यांची वाट अडविली.

1843 मधील डेहराडूनची घटना या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. तेथील मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट यांनी सर्वेक्षणाच्या हमालांना वेठीस धरून आपले सामान वाहून नेण्यास लावले. गोऱ्या अधिकाऱ्याने वेठबिगार घेणे त्या मुलखात नित्याचे होते आणि हाताखालच्या हिंदी अधिकाऱ्याने त्याकडे काणाडोळा करणेही तितकेच नित्याचे होते. राधानाथांनी मॅजिस्ट्रेटचे सामान अडवून ठेवले. प्रकरण न्यायालयात गेले आणि राधानाथांनाच 200 रुपये दंड झाला. दंड झाला, पण वेठीची चर्चा दबली नाही. रामगोपाल घोष यांच्या ‘बेंगॉल स्पेक्टेटर’ने खटल्याची हकीकत लोकांपुढे आणली. आपल्या अधिकाराखालील माणसांच्या श्रमाचा हिशेब ठेवणे आणि त्या श्रमाचे रक्षण करणे या दोन जबाबदाऱ्या राधानाथांनी वेगळ्या मानल्या नाहीत, हे या घटनेतून स्पष्ट होते.

1849 मध्ये ते मुख्य गणक म्हणून कलकत्त्यास आले. 1852 पासून तेथील वेधशाळेची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. वायुभारमापकाच्या वेगवेगळ्या तापमानांतील नोंदी 32 अंश फॅरनहाइटवर आणून त्यांची तुलना करण्याचे सूत्र त्यांनी सिद्ध केले. याच काळात अँड्र्यू वॉ यांच्या आदेशाने हिमशिखरांच्या उंचीचे गणित चालू होते. ‘शिखर 15’चे वेध 1849-50 मध्ये मैदानातील सहा ठिकाणांहून घेतलेले होते आणि ही सर्व ठिकाणे शंभर मैलांहून दूर होती. एवढ्या अंतरावर हवेतील वक्रीभवनामुळे शिखर खऱ्या उंचीहून वर दिसते. ते किती वजा करावयाचे, हाच गणिताचा गाभा होता. सहा स्थानांवरून निघालेल्या उंची 28,990 ते 29,026 फुटांच्या दरम्यान होत्या. सरासरी 29,002 आली. मीटरमध्ये ही उंची सुमारे 8,840 होते. 2020 मध्ये चीन व नेपाळ यांनी जाहीर केलेला आकडा 8,848.86 मीटर आहे. वॉ यांनी 1856 मध्ये निष्कर्ष जाहीर केला आणि शिखराला पूर्वाधिकाऱ्याचे नाव सुचविले.

जगातील सर्वोच्च शिखर सापडल्याची वार्ता घेऊन राधानाथ वरिष्ठांच्या दालनात धावत गेले, ही कथा पुढील काळात रूढ झाली. त्यांचा या गणितात वाटा नव्हताच, असे मतही मांडले गेले. दोन्ही टोके एकाच गैरसमजातून निघतात : उंची हा कोणा एकाच्या प्रतिभेचा क्षणिक साक्षात्कार असावा, ही ती समजूत. वस्तुतः वेध घेणारे, ओझी वाहणारे, गणिते करणारे आणि ताळा पाहणारे अशा अनेकांच्या कित्येक वर्षांच्या कष्टांचे ते फळ होते. राधानाथ त्यातील गणनाकार्याचे प्रमुख होते.

1854 मध्ये त्यांनी प्यारीचाँद मित्र यांच्यासह ‘मासिक पत्रिका’ सुरू केली. संस्कृतप्रचुर गद्याचा बोलबाला असताना हे नियतकालिक सामान्य वाचकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, बोलीला जवळच्या बंगालीत निघत असे. प्यारीचाँदांची ‘आलालेर घरेर दुलाल’ ही कादंबरी प्रथम त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. मराठी वाचकाला येथे बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण होईल. ‘दर्पण’ (1832) व ‘दिग्दर्शन’ (1840) यांचे हे संपादक गणिताचे अध्यापक होते आणि कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. दोघांच्याही बाबतीत नवे विज्ञान आणि सुबोध देशी गद्य एकाच व्यक्तीच्या हातून पुढे आले. ज्ञान ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांना ते त्यांच्या भाषेत द्यावे, ही राधानाथांची संपादकीय दृष्टी डेहराडूनमधील त्यांच्या वर्तनाशी सुसंगत आहे.

1862 मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढे जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये गणित शिकवू लागले. ते अविवाहित राहिले. 17 मे 1870 रोजी चंदननगरजवळ गोंदलपाडा येथे त्यांचे निधन झाले. थुइलियर व स्मिथ यांच्या ‘मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग’ (1851) या ग्रंथातील गणितविषयक महत्त्वाचे भाग राधानाथांनी लिहिले होते आणि प्रस्तावनेत त्याची कृतज्ञ नोंद होती. 1875 च्या तिसऱ्या आवृत्तीत ते भाग राहिले. नोंद मात्र गाळण्यात आली. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’तून 1876 मध्ये याचा तीव्र निषेध झाला. 1843 मध्ये हमालांच्या श्रमासाठी राधानाथांनी जी बाजू घेतली, ती त्यांच्या स्वतःच्या श्रमासाठी, त्यांच्या पश्चात, इतरांना घ्यावी लागली.